कल्पित संघ आणि खेळाडूंची पारख

मनुष्यास आयुष्यांत पदोपदीं कोणत्या ना कोणत्या वस्तूची किंमत ठरवावी लागते. शेतकरी बैलाची पारख करितो, गृहिणी भाजीची करिते आणि सराफ सोन्याची करितो. परंतु या सर्वांच्या डोळ्यांपुढें निदान ती वस्तु तरी असते. जी गोष्ट अद्याप घडलेलीच नाहीं तिचें मोल आज ठरवावयाचें असेल तर काय करावें? पेरणीच्या दिवशीं पिकाचा भाव ठरविण्यासारखें हें अवघड काम आहे. अमेरिकेंत हेंच काम लाखों लोक दरवर्षीं खेळ म्हणून मोठ्या हौसेनें करीत असतात. त्या खेळास ‘फँटसी बेसबॉल’, म्हणजे कल्पित संघांचा बेसबॉल, असें म्हणतात. त्यांत खेळाडूचें मूल्य कसें जोखतात व धोका कसा मोजतात, याचें थोडेंसें विवेचन आम्ही येथें करणार आहों. आमच्या विद्यार्थिवाचकांपैकीं पुष्कळांनीं बेसबॉलचा सामना पाहिलाही नसेल. तथापि ज्यास त्रैराशिक व सरासरी येते त्यास हा विषय कळण्यास अडचण पडणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

खेळाचें स्वरूप व उगम

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा आप्त होय. एक जण चेंडू फेंकतो, त्यास पिचर म्हणतात. दुसरा तो चेंडू लांकडी दांड्यानें टोलवितो, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर ‘बेस’ नांवाचीं जीं ठिकाणें असतात त्यांस क्रमानें स्पर्श करून मूळ ठिकाणीं परत आला म्हणजे एक धांव होते. टोला कुंपणापलीकडे गेला तर फलंदाज सर्व बेस फिरून निर्वेध घरीं येतो. यास होम रन म्हणतात. प्रतिपक्षाचें लक्ष चुकवून एका बेसवरून पुढच्या बेसवर धांवत जाणें यास ‘बेस चोरणें’ असें गमतीचें नांव आहे. मेजर लीग नांवाच्या मुख्य स्पर्धेंत ३० संघ असून प्रत्येक संघ एका मोसमांत १६२ सामने खेळतो. प्रत्येक सामन्यांतील प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीची बारीकसारीक नोंद ठेविली जाते. या नोंदींच्या पायावरच कल्पित संघांचा खेळ उभारलेला आहे.

समजा, बारा स्नेही एकत्र आले. त्यांतील प्रत्येक जण स्वतःस एका संघाचा मालक समजतो. मोसम सुरू होण्यापूर्वीं ते एके ठिकाणीं बसून मेजर लीगमधील खऱ्या खेळाडूंची आपसांत वांटणी करितात. या बैठकीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. वांटणीच्या दोन पद्धति आहेत. एकींत पाळीपाळीनें निवड होते. पहिल्या फेरींत जो प्रथम निवडतो तो दुसऱ्या फेरींत सर्वांच्या शेवटीं निवडतो. म्हणजे त्याच्या वांट्यास पहिला व चोविसावा खेळाडू येतो, आणि बाराव्या मालकास बारावा व तेरावा असे लागोपाठ दोन मिळतात. दुसऱ्या पद्धतींत लिलाव होतो. प्रत्येकापाशीं २६० कल्पित डॉलर असतात व तेवढ्यांत २३ खेळाडू घ्यावयाचे असतात. २००८ सालापासून आपल्याकडे आयपीएलच्या क्रिकेट संघांसाठीं जो लिलाव होतो तो आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. भेद इतकाच कीं, तेथें खरे मालक खऱ्या पैशानें खेळाडूंशीं करार करितात. येथें मालकी केवळ कागदावरची, आणि आपण कोणाच्या कल्पित संघांत आहों याची खेळाडूस वार्ताही नसते.

मोसमभर त्या खेळाडूंनीं खऱ्या मैदानावर जें केलें तें या मालकांच्या खातीं जमा होतें. रूढ पद्धतींत दहा सदरें असतात. फलंदाजीचीं पांच, तीं अशीं: फलंदाजीची सरासरी, होम रन, स्वतः पुऱ्या केलेल्या धांवा, आपल्या टोल्यानें संघास मिळवून दिलेल्या धांवा, आणि चोरलेले बेस. पिचरचींही पांच: जिंकलेले सामने, अखेरीस येऊन राखलेले सामने, स्ट्राइकनें बाद केलेले फलंदाज, दर नऊ डावांमागें दिलेल्या धांवांची सरासरी, आणि दर डावामागें बेसवर येऊं दिलेल्या फलंदाजांची सरासरी. प्रत्येक सदरांत पहिल्या आलेल्या मालकास १२ गुण, दुसऱ्यास ११, याप्रमाणें शेवटच्यास १ गुण मिळतो. दहाही सदरांत पहिला येणाऱ्यास १२० गुण मिळतील. परंतु असें सहसा घडत नाहीं.

या खेळाचा उगमही मनोरंजक आहे. १९६० सालीं विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानें आपल्या मित्रमंडळींत ‘बेसबॉल सेमिनार’ नांवाचा असाच एक साधा खेळ सुरू केला. पुढें मिशिगन विद्यापीठांतील रॉबर्ट स्क्लार या प्राध्यापकाकडून त्याची माहिती डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्यास झाली. हे ओक्रेंट पुढें संपादक व लेखक म्हणून नांवारूपास आले. त्यांनीं १९८० सालीं, न्यूयॉर्क येथील ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या उपाहारगृहांत जमणाऱ्या आपल्या स्नेह्यांसह, लिलावाच्या नियमांचा नवा खेळ रचला. त्या उपाहारगृहावरून त्यास ‘रोटिसरी’ हें नांव पडलें. आरंभीं आठच सदरें होतीं. दोन मागाहून वाढलीं. १९८१ च्या उन्हाळ्यांत खेळाडूंनीं संप केल्यामुळें सामने बंद पडले, तेव्हां लिहावयास विषय उरला नाहीं म्हणून वार्ताहरांनीं या नव्या करमणुकीविषयीं लिहिलें आणि तिचा बोलबाला झाला.

मूल्य कशास म्हणावें

नवशिका मालक प्रथम ज्याचें नांव मोठें त्याच्यामागें धांवतो. परंतु मूल्य हें नांवांत नसतें, आणि एकंदर बेरजेंतही नसतें. जें सहज फुकट मिळूं शकतें त्याहून अधिक काय मिळालें यांत तें असतें. उदाहरण घेऊं. समजा, मैदानाच्या कडेस उभा राहणारा एक खेळाडू वर्षांत ३० होम रन करील असा अंदाज आहे, आणि पिचरसमोर बसून चेंडू झेलणारा एक कॅचर २२ करील असा अंदाज आहे. वरवर पाहतां पहिला श्रेष्ठ दिसतो. आतां असें समजा कीं, सर्वांची निवड आटोपल्यावर उरलेल्यांपैकीं बरा असा कडेचा खेळाडू २० होम रन करूं शकतो, पण उरलेला बरा कॅचर केवळ १० च करूं शकतो. मग पहिल्याचा खरा अधिकपणा १० व दुसऱ्याचा १२ ठरतो. प्रत्येक संघास कॅचर ठेवणें भागच असल्यामुळें, कमी होम रन करणारा हा कॅचरच अधिक मोलाचा. गांवांत विहिरी पुष्कळ असतील तर एका विहिरीच्या पाण्याची किंमत कोण करितो? जेथें एकच विहीर आहे तेथें तिचें पाणी थोडें असलें तरी लोक जपून वापरतात. मूल्य दुर्मिळतेवर अवलंबून असतें, हें अर्थशास्त्राचें पहिलें तत्त्व येथें हातांत खेळत असलेलें दिसतें.

लिलावांत हाच विचार डॉलरमध्यें मांडितां येतो. बारा मालकांचे मिळून ३,१२० डॉलर व घ्यावयाचे खेळाडू २७६. प्रत्येक खेळाडूस निदान एक डॉलर द्यावाच लागतो. तेव्हां २७६ वजा जातां २,८४४ डॉलर उरतात, आणि ते सर्व खेळाडूंच्या अधिकपणाच्या प्रमाणांत वांटले जावे हें रास्त. ज्याचा अधिकपणा सर्वांच्या एकत्रित अधिकपणाच्या शंभराव्या हिश्शाइतका, त्याची योग्य किंमत सुमारें २९ डॉलर. जाणता मालक लिलावास जाण्यापूर्वीं अशी यादी घरींच तयार करितो. यादीवांचून जो जातो तो बाजारांत आरोळीच्या जोरावर भाव ठरवितो, आणि आरोळीचा जोर कोणासही सहज फसवितो.

सरासरीच्या सदरांत आणखी एक मेख आहे. दोन फलंदाजांची सरासरी सारखीच ०.३०० आहे, पण एकास ६०० वेळां फलंदाजीची पाळी मिळाली व दुसऱ्यास १५० वेळां. दोघांचें मोल सारखें मानावें काय? आपल्या संघांतील इतरांनीं ५,००० पाळ्यांत १,२५० यशस्वी टोले मारले आहेत, म्हणजे सरासरी ०.२५० आहे, असें धरूं. पहिला फलंदाज घेतला तर टोले १,४३० व पाळ्या ५,६०० होऊन सरासरी ०.२५५ होते. दुसरा घेतला तर टोले १,२९५ व पाळ्या ५,१५० होऊन सरासरी जेमतेम ०.२५१ होते. सरासरीचा आंकडा एकच, पण त्यामागचें वजन चौपट निराळें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

मूल्य हें काळाबरोबर बदलतें, याचें ठळक उदाहरण २०२३ सालीं घडलें. त्या वर्षीं मेजर लीगनें बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली, पिचरनें किती वेळांत चेंडू टाकावा याचें बंधन घातलें, आणि बेसवरील धांवपटूस अडविण्यासाठीं पिचरनें करावयाच्या प्रयत्नांसही मर्यादा घातली. परिणाम असा झाला कीं, २०२२ सालीं सर्व संघांनीं मिळून २,४८६ बेस चोरले होते, ते २०२३ सालीं ३,५०३ झाले. आतां विचार करा. २०२२ सालीं ज्यानें ३० बेस चोरले त्याची जेवढी मातबरी, तेवढीच २०२३ सालीं ३० चोरणाऱ्याची राहील काय? रुपये वाढले म्हणजे रुपयाची किंमत उतरते, तसेंच हें झालें. खेळाडू तोच, कामगिरी तीच, परंतु आजूबाजूचें जग बदललें म्हणून मोल बदललें. जुन्या भावाची यादी घेऊन नव्या बाजारांत जाणारा मनुष्य नुकसान पावतो तो यामुळेंच.

धोक्याची तीन मुळें

मूल्याचा अंदाज झाला तरी अर्धेंच काम होतें. अंदाज चुकण्याचा संभव किती आहे, हें दुसरें अर्धें. या धोक्याचीं मुख्य मुळें तीन आहेत.

पहिलें मूळ दैवयोग. बाल्टिमोरच्या संघांत ब्रेडी अँडरसन नांवाचा फलंदाज होता. १९९५ सालीं त्यानें १६ होम रन केले. १९९६ सालीं त्यानें एकदम ५० केले आणि सगळीकडे त्याचा गाजावाजा झाला. १९९७ सालीं त्याचे होम रन झाले १८. पुढील साऱ्या कारकीर्दींत तो २४ च्या वर गेला नाहीं. १९९७ च्या आरंभीं ज्यानें त्यास पन्नासाच्या भावानें घेतलें असेल त्यानें गुणाबरोबर योगायोगाचेही पैसे मोजले. असामान्य वर्षांत बहुधा गुण व योगायोग दोन्ही मिसळलेले असतात; पुढच्या वर्षीं गुण कायम राहतो, योगायोग राहीलच असें नाहीं. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८६ सालीं मातापित्यांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, अति उंच मातापित्यांचीं मुलें उंच असतात खरीं, पण सरासरीनें तितकीं उंच नसतात. अति ठेंगण्यांचें उलट. मध्याकडे वळण्याचा हा नियम होय.

म्हणून जाणते मालक एका वर्षावर विसंबत नाहींत. ते तीन वर्षांचे आंकडे घेतात व अलीकडच्या वर्षास थोडें अधिक वजन देतात. शिवाय तो आंकडा सर्व खेळाडूंच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतात. येथें सुज्ञ पालकांस एक गोष्ट सुचविण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. मुलास एका परीक्षेंत अनपेक्षित गुण मिळाले म्हणून त्यास डोक्यावर घेऊं नये, आणि एका परीक्षेंत तो घसरला म्हणून त्याच्या बुद्धीविषयीं निकाल देऊं नये. एक परीक्षा म्हणजे एक मोसम. घसरलेल्या मुलास रागें भरल्यावर तो पुढच्या वेळीं सुधारला, तर तें रागावण्याचेंच फळ असें आपण मानतों. पण पुष्कळदां तो मध्याकडे वळण्याचा नियमच असतो, आणि श्रेय मात्र छडीस मिळतें.

दुसरें मूळ वय व शरीर. फलंदाजाची शक्ति साधारणतः सत्ताविशीच्या आसपास भरास येते व तिशीनंतर हळूहळू ओसरते. त्यांतही पायांचा वेग आधीं जातो आणि नजरेची पारख पुष्कळ टिकते. पिचरचा धोका याहून मोठा. जोरानें चेंडू फेंकतांना कोपराच्या आंतील बाजूच्या स्नायुबंधावर विलक्षण ताण पडतो व तो तुटतो. पूर्वीं असें झालें कीं खेळाडूची कारकीर्द संपे. १९७४ सालीं फ्रँक जोब या शस्त्रवैद्यानें टॉमी जॉन या पिचरच्या कोपरांत त्याच्याच शरीरांतील दुसरा तंतु बसविला. जॉन १९७५ सालीं खेळला नाहीं. १९७६ सालीं परत आला आणि त्यानें पूर्वीं जिंकलेल्या १२४ सामन्यांत पुढें १६४ ची भर घातली. त्या शस्त्रक्रियेस आज त्याचेंच नांव आहे. कारकीर्द वांचते हें खरें. परंतु बरें होण्यास वर्ष-दीड वर्ष लागतें, आणि कल्पित संघाच्या मालकाचा तेवढा मोसम वायां जातो. जेकब डिग्रॉम हा आपल्या काळांतील अव्वल पिचर. २०२१ सालीं त्यानें दर नऊ डावांमागें अवघ्या १.०८ धांवा दिल्या, पण दुखापतीमुळें तो १५ सामन्यांतच उतरूं शकला. २०२३ सालीं तो टेक्सासच्या संघाकडून केवळ ६ सामन्यांत पिच करून कोपराच्या शस्त्रक्रियेस गेला. पुढें २०२५ सालीं मात्र ३० सामन्यांत उतरला. त्याच्या हुन्नराविषयीं कोणास शंका नव्हती. शंका होती ती त्याच्या हाताविषयीं.

दुखापत हा एकच शब्द असला तरी सर्व दुखापती सारख्या नसतात. जपानचा शोहेई ओहतानी हा पिचर व फलंदाज दोन्ही आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, त्यामुळें २०२४ सालीं तो पिच करणार नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु फलंदाजी करण्यास व धांवण्यास त्यास आडकाठी नव्हती. त्या वर्षीं त्यानें ५४ होम रन केले व ५९ बेस चोरले. एकाच मोसमांत दोन्हींत पन्नाशी गांठणारा तो पहिलाच खेळाडू. तेव्हां दुखापत झाली एवढें ऐकून भिऊं नये. कोणत्या अवयवास झाली व त्या अवयवाचें काम आपल्या कोणत्या सदरांत लागतें, हें विचारावें.

तिसरें मूळ जागा. सामना राखण्याचें काम अखेरीस ज्या पिचरकडे सोंपवितात त्याची कामगिरी व्यवस्थापकाच्या मर्जीवर असते. चार सामने बिघडले कीं तें काम दुसऱ्याकडे जातें, आणि त्या सदरांतील त्याचें मोल एका रात्रींत शून्य होतें. मैदानाचाही परिणाम असतो. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५,२०० फूट उंच आहे. तेथील हवा विरळ असल्यानें चेंडू अधिक दूर जातो. तेथील फलंदाजाचे आंकडे दुसऱ्या शहरीं तसेच राहतील असें गृहीत धरूं नये.

धोक्याची किंमत

धोका ओळखला म्हणजे तो टाळावाच असें नाहीं. त्याची किंमत करावी. समजा, एक खेळाडू मोसमभर धडधाकट राहिला तर ३६ डॉलरचा आहे, आणि जायबंदी झाला तर ४ डॉलरचा. धडधाकट राहण्याचा संभव चारांत तीन आहे. तर ३६ चे तीन चतुर्थांश २७, व ४ चा एक चतुर्थांश १, मिळून २८ डॉलर ही त्याची सरासरी किंमत. जो ३६ देतो तो आशेचे पैसे देतो. जो १० च्या वर जावयास तयार नाहीं तो भयाचे पैसे वांचवितो व खेळाडू गमावितो. शिवाय जायबंदी खेळाडूच्या जागीं दुसरा घेतां येतो. उरलेल्यांत बरे खेळाडू पुष्कळ असतील, तर दुखापतीचें नुकसान तितकें कमी. म्हणून आठ जणांच्या मंडळींत जो धोका पत्करण्याजोगा, तोच पंधरा जणांच्या मंडळींत महाग पडतो.

धोका कोठें घ्यावा यालाही स्थळकाळ आहे. आरंभींच्या निवडींत ज्यांवर सर्व इमारत उभी राहावयाची ते खेळाडू शक्य तों खात्रीचे असावे. शेवटच्या एक-एक डॉलरच्या निवडींत मात्र उलट. तेथें गमावण्यासारखें एका डॉलरपलीकडे कांहींच नसतें, मग ज्याचा अंदाज बांधतां येत नाहीं असा होतकरू तरुण घ्यावा. फळला तर मोठा लाभ, न फळला तर सोडून द्यावा. त्याचप्रमाणें सर्व भार एकाच प्रकारच्या धोक्यावर टाकूं नये. नुकतेच शस्त्रक्रियेंतून उठलेले तीन पिचर एका संघांत ठेवणें म्हणजे एकाच वाशावर सारें छप्पर तोलून धरणें होय.

लिलावांत आणखी एक गुप्त सांपळा असतो. बारा जणांनीं एका खेळाडूची किंमत मनाशीं ठरविली. कोणाची कमी, कोणाची अधिक. खरी किंमत या अंदाजांच्या मध्यावर कोठें तरी असण्याचा संभव. पण खेळाडू कोणास मिळतो? ज्याचा अंदाज सर्वांत अधिक, त्यास. म्हणजे जो जिंकला तो बहुधा अधिक किंमत देऊन बसला. १९७१ सालीं तेलकंपनीच्या तीन अभियंत्यांनीं मेक्सिकोच्या आखातांतील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून हीच गोष्ट मांडली. अर्थशास्त्रांत तीस ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. त्यावर उपाय एकच: आपण ठरविलेल्या किमतीहून थोडें खालींच थांबावें, आणि खेळाडू दुसऱ्यास गेला म्हणून हळहळूं नये.

निर्णय व निकाल

आतां या साऱ्या विषयाचें मर्म सांगतों. अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्याचा उजवा गुडघा २०२१ सालीं दुखावला व शस्त्रक्रिया झाली. २०२२ सालीं तो ११९ सामने खेळला व १५ होम रन करूं शकला. २०२३ सालीं तो पूर्ण सांवरला. ४१ होम रन, ७३ चोरलेले बेस व ०.३३७ सरासरी असा त्यानें पराक्रम केला, आणि आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून एकमतानें निवडला गेला. २०२४ च्या आरंभीं असंख्य मालकांनीं त्यास पहिल्या क्रमांकानें निवडलें. २६ मे रोजीं बेसवर धांवतांना त्याचा डावा गुडघा गेला. त्याचा मोसम ४९ सामन्यांत संपला, आणि होम रन झाले ४. त्यास निवडणारे मूर्ख होते काय? मुळींच नव्हे. जी माहिती त्यांच्यापाशीं होती तिच्यावरून त्यांचा निर्णय योग्यच होता. निकाल वाईट लागला. उलट एखादा केवळ टोपीचा रंग आवडला म्हणून खेळाडू निवडतो व जिंकतो. त्याचा निकाल चांगला, पण निर्णय वाईटच. या दोहोंतील भेद ज्यास कळला त्यास अपयशांत खचून जाण्याचें व यशांत फुगून जाण्याचें कारण उरत नाहीं.

तो गुडघा एका मनुष्याचा होता, हेंही विसरूं नये. आंकड्यांच्या नादांत खेळाडूस दुखापत झाली असें ऐकून ज्याच्या मनांत प्रथम स्वतःच्या गुणांचा विचार येतो, त्यानें खेळ कांहीं काळ बाजूस ठेवावा हें बरें.

शेवटीं पैशाविषयीं. अमेरिकेंत २००६ च्या एका कायद्यानें अशा खेळांस कांहीं अटींवर इंटरनेटवरील जुगारांतून वगळलें. आपल्याकडे क्रिकेटचे असेच कल्पित संघ पैसे लावून खेळण्याची चटक पुष्कळ तरुणांस लागली होती. २०२५ च्या ऑगस्टांत भारतीय संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संमत केला. कायद्याची गोष्ट सोडली तरी आमचें म्हणणें साधें आहे. वर दिलेला हिशेब करण्यास एका पैशाचीही गरज नाहीं. आणि पैसा आला कीं हिशेब करणारें डोकेंच प्रथम बिघडतें. हरलेला मनुष्य गेलेलें परत मिळविण्यासाठीं नेमका तोच धोका घेतो, जो शांतपणीं त्यानें कधींही घेतला नसता.

ज्या विद्यार्थ्यांस याची गोडी वाटेल त्यांनीं एक प्रयोग करावा. क्रिकेटचा मोसम सुरू होण्यापूर्वीं एका वहींत दहा खेळाडूंचीं नांवें लिहावीं. प्रत्येकापुढें त्याच्या धांवांचा किंवा बळींचा आपला अंदाज, तो चुकण्याचीं संभाव्य कारणें, आणि तो अंदाज का केला हें दोन ओळींत लिहावें. मग वही मिटून ठेवावी. मोसम संपल्यावर ती उघडून आंकड्यांशीं ताडून पाहावी. कोठें आपण नांवास भुललों, कोठें एका वर्षावर विसंबलों, आणि कोठें विचार बरोबर असूनही दैव फिरलें, हें आपल्याच हस्ताक्षरांत दिसेल. अशा तीन वर्षांच्या वह्या ज्यापाशीं जमतील त्यास पुढें घर घेतांना, धंदा निवडतांना किंवा माणूस पारखतांना त्या शिदोरीचा खचित उपयोग होईल.